नांगर

धरणगावच्या बाजारात, विळ्या-कोयत्यांच्या ढिगापुढं
झुंबर मालचेनं गुंडाळी सोडली.
लुगड्याचा तुकडा, त्यात पोतं, त्यात ती.
‘सत्तावननी शे,’ तो म्हणाला. ‘मन्हा पणजानी
गोरा सायेबना हातमाईन हिसकायी.
सोमवारे नवरदेवले लागी. चमकायी दे.’

मी चष्मा चढवला. हात आधी मुठीवर.
अब्बा माझगावच्या गोदीत
परेडच्या आदल्या रात्री आरमारी साहेबांच्या तलवारी घासायचे,
त्यांचं सांगणं: पातं कुणीही बदलतं. मूठ बघ.

टोकाला सिंहाचं तोंड, आयाळ पाठभर खाली उतरलेली.
म्हणजे पुरा अधिकारी.
हाताखालच्यांना सिंह मिळत नसे, साधी पितळी टोपी.
मुठीला पांढरी दाणेदार कातडी, तिच्यावर तार.
‘हा मासा आहे, झुंबरभाऊ. पाकट.
तापीत जाळं टाकून सापडायचा नाही.’

‘आनि हाऊ? नांगर ना?’
परजावर त्यानं बोट ठेवलं.
घरात तीन पिढ्या यावरून वाद:
साहेबाची जमीन असेल, म्हणून नांगर.
मग फाळ दोन कशाला? जू कुठंय?
‘नांगरच. पण पाण्यातला.
जहाज वाहून जाऊ नये म्हणून टाकतात.
गुंडाळलाय तो कासरा नाही, दोर,
आणि तो असा गुंतलेलाच काढायची आरमाराची रीत.’
तो हसला. ‘नांगर, आनि थांबाले?’

नांगराच्या डोक्यावर मुकुट. इथं मी अडलो.
राणीच्या काळात मुकुटाची कमान मधोमध दबलेली,
पाऊस खाल्लेल्या धाब्यासारखी.
एकोणीसशे एकला राणी गेली
आणि कमानी फुगल्या, तव्यावरच्या भाकरीगत.
ही फुगलेली.

पातं ओढलं. म्यानातून जुन्या तेलाचा वास.
पाठीला नळी नाही, अंगाला पन्हळ आहे,
एवढ्यावरही पन्नासेक वर्षं गळाली.
गंजानं खाल्लेल्या वेलबुट्टीत एक जी, त्याच्या पोटात रोमन पाच.
मुठीलगत पितळेची टिकली, भोवती सहा टोकांची चांदणी,
वाकवून, आपटून पास केल्याची खूण.
पाठीवरचा आकडा निम्मा झिजलाय,
पुरा असता तर विलायतेत कुणाच्या वहीत सालही निघालं असतं.
धार कधी लागलीच नव्हती.

पणजा सत्तावनचा. तलवार दहाच्या अलीकडली नाही,
पलीकडचीच.
मी सांगितलं. सगळं, सावकाश, बोटानं दाखवत.
तो बराच वेळ शेजारच्या मिरचीवालीचा तराजू बघत राहिला.

‘मंग पणजानी कोनफाईन हिसकायी?’

काय सांगू. बंडानंतर सरकारनं हत्यारं गोळा केली,
तेव्हा एखादी गेली असेल.
गोष्ट तेवढी घरात उरली असेल, रिकामं म्यान उरावं तशी,
आणि पुढं कुणीतरी, मुंबईला हमालीला गेलेला एखादा,
हे तोंडात आलेलं मी गिळलं.
परजाची दुमडती पट्टी मी मघाशीच उघडून पाहिली होती.
आत खिळ्यानं ओरखडलेलं: ७॥
साडेसात. जुन्या बाजाराचा हिशेब, दुसरं काय.
पट्टी मिटवली.

‘घासून देतो. धार लावत नाही.’
‘नवरदेवले धार कसाले?’

सिंहाचं नाक सपाट झालंय.
साहेबाच्या चार परेडींनी एवढं झिजत नाही,
त्याला घामेजलेले तळवे लागतात, मांडवापर्यंत मूठ न सोडणारे.
तारेखाली, माशाच्या दाण्यादाण्यात हळद बसलीय,
खालची काळपट, वरची अजून पिवळी.
तिचं साल कसं काढायचं
ते अब्बांनी शिकवलं नव्हतं.
चिंचेनं पितळ काढलं, राखेनं पातं.
मुठीला हात लावला नाही.

वीस मागितले. पंधरा देऊन
तो चोपड्याच्या गाडीकडं पळाला,
पोत्यातून सिंहाचं तोंड बाहेर.